मोठ्या बॉल-जॉइंटेड बाहुल्यांचं वजन आणि आकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉल-जॉइंटेड म्हणजे गोळा-वाटीच्या सांध्यांची, आतून इलॅस्टिकने ओवलेली बाहुली. तशा ६५ सेंमी आणि त्यापुढच्या, रेझिनच्या (साच्यात ओतलेल्या कठीण प्लॅस्टिकच्या) बाहुल्या घेणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात, फक्त ते बाहुली घरात आल्यावर सुचतात. जे सगळ्यात जास्त कानावर येतात ते इथे एकत्र केले आहेत. डोळे, विग, चेहऱ्याचं रंगकाम यांचा विषय वजन-उंचीशी संबंध येतो तेवढाच घेतला आहे.

मोठी बाहुली म्हणजे नेमकी केवढी?

जपानमधल्या क्योतोच्या वोल्क्स कंपनीने १९९९ साली सुपर डॉल्फी नावाची बाहुली आणली, तेव्हा तिची उंची ५७ सेंमीच्या आसपास होती. आज सर्रास ‘एक-तृतीयांश’ (माणसाच्या उंचीच्या) म्हणतात ते माप तिथून रुळलं. त्याखाली ४० ते ४५ सेंमीचं एक-चतुर्थांश माप आणि २६ ते ३० सेंमीचं एक-षष्ठांश. पुढे कोरियन कंपन्यांनी उंची वर खेचली. आयपलहाउसच्या ई.आय.डी. मालिकेतले पुरुष ७० सेंमीच्या घरात आहेत, आणि डॉलमोरची ट्रिनिटी तर जवळपास मीटरभर उंच आहे.

गंमत अशी की ५८ सेंमीची बाहुलीही ‘एक-तृतीयांश’ आणि ७२ सेंमीचीही एक-तृतीयांशच म्हणून विकली जाते. त्यामुळे नुसतं प्रमाण वाचून काहीच ठरवू नका. सेंटिमीटर बघा, आणि कंपनीने वजन दिलं असेल तर ते आधी बघा. माझ्या मते ६५च्या पुढे हाताळणीचे नियमच बदलतात, कारण तिथून पुढे बाहुली एका हाताच्या पकडीत मावत नाही.

वजन किती भरतं?

कपड्यांशिवाय, ढोबळ हिशेबाने: एक-चतुर्थांश मापाची पाऊण ते एक किलो, ५७-६० सेंमीची दीड ते अडीच किलो, ७० सेंमीच्या पुरुषी बांध्याची तीन ते साडेचार किलो. रेझिनच्या भिंती जाड आहेत की पातळ, छाती-मांड्या भरदार आहेत की सडपातळ, यावर बराच फरक पडतो. त्यावर विग, बूट, कोट, पट्टा असा थाट चढवला की अर्धा किलो सहज वाढतो.

उंची थोडीशीच जास्त, मग वजन एवढं का वाढतं?

उंची वाढते तेव्हा रुंदी आणि जाडीही त्याच प्रमाणात वाढते. ६० सेंमीची बाहुली तशीच मोठी करून ७० सेंमीची केली, तर उंची सतरा टक्क्यांनी वाढली. भरीव असती तर वजन साधारण ५९ टक्क्यांनी वाढलं असतं. प्रत्यक्षात ती पोकळ असते. भिंतीची जाडी तेवढीच ठेवली तर वाढ ३६ टक्क्यांच्या आसपास राहते. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडतो.

पण तुम्हाला जाणवतो तो ताण याहूनही जास्त असतो. आडवा पसरलेला हात घ्या. त्याचं वजन वाढलं आणि लांबीही वाढली, म्हणून खांद्याच्या सांध्यावर येणारा भार दोन्ही बाजूंनी वाढतो. लहान बाहुली ज्या मुद्रेत तासन्‌तास राहते त्याच मुद्रेत मोठीचा हात हळूहळू खाली उतरत जातो, तो यामुळे. बाहुलीत दोष आहे असं समजून कंपनीला पत्र लिहायची घाई नको.

मला झेपेल की नाही, हे घेण्याआधी कसं कळेल?

एक जाड चादर ७० सेंमी लांबीची गुंडाळी करून बांधा. आत साडेतीन-चार किलो वजन असं भरा की जास्त भार वरच्या अर्ध्या भागात राहील. आता ती गुंडाळी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून काढा, खुर्चीत बसवा, पुन्हा उचला, एका हाताने छातीशी धरून दुसऱ्या हाताने दार उघडा. असं आठवडाभर रोज करा. चार किलो एकदा उचलणं कुणालाही जमतं. प्रश्न असतो तो दिवसाकाठी दहा वेळा, वाकड्या कोनातून, काहीही न आपटता उचलायचा.

मनगटं दुखरी असतील, बोटांत संधिवात असेल किंवा पाठ नाजूक असेल, तर ४५ सेंमीच्या मापाचा प्रामाणिकपणे विचार करावा. कपाटातून बाहेर काढायचाच कंटाळा येतो अशी बाहुली कितीही देखणी असली तरी ती कपाटातच राहते.

उचलायची योग्य पद्धत कोणती?

दोन हात, दोन आधार. एक हात कमरेखाली, म्हणजे ढुंगण आणि मांडीचा वरचा भाग तळव्यावर येईल असा. दुसरा हात पाठीमागून, बोटं मानेखाली खांद्यांच्या मध्ये. मग बाहुली आधी आपल्या छातीशी टेकवायची आणि त्यानंतरच पाऊल उचलायचं. झोपलेलं तान्हं मूल पाळण्यातून काढतो तसंच, घाई न करता.

काय करू नये याची यादी मोठी आहे. हाताला धरून उचलू नका: आतलं इलॅस्टिक ताणलं जातं, खांद्याची वाटी आणि गोळा यांच्यात फट पडते, आणि सोडल्यावर दोन्ही एकमेकांवर आपटतात. त्या आवाजाने मालकाच्या पोटात गोळा येतो आणि कडेचा टवका उडायचा धोकाही असतो. डोक्याला धरून तर अजिबात नाही. डोक्याची मागची टोपी बऱ्याच बाहुल्यांत लोहचुंबकाने बसवलेली असते. वर विग असतो. विग सरकला, टोपी निघाली आणि हातात केस राहिले, असं होतं. कमरेचा पट्टा किंवा कोटाची कॉलरही पकड म्हणून वापरू नये.

उचलण्याआधी स्वतःच्या अंगठ्या, घड्याळ, बांगड्या उतरवून ठेवा. लॉकेट असेल तर ते शर्टच्या आत. चेहऱ्यावरचं रंगकाम पेस्टल आणि पातळ रंगांच्या थरांचं असतं, वर फक्त मॅट स्प्रेचं संरक्षण. नाकाच्या शेंड्यावर किंवा ओठांवर धातूची एक ओरखड पडली की ते काम पुन्हा करून घ्यावं लागतं. म्हणूनच छातीशी धरताना बाहुलीचा चेहरा बाहेरच्या बाजूला.

जास्तीत जास्त अपघात नेमके कधी होतात?

खाली ठेवताना. उचलताना सगळे सावध असतात. ठेवताना ढुंगण टेकलं की ‘झालं’ असं वाटून पाठीचा हात काढला जातो, आणि कंबरेचा सांधा तेवढ्या क्षणी मागे मोडतो. धड मागे जातं, जड डोकं त्याला आणखी ओढतं. नियम सोपा आहे: बूड टेकल्यावर पाठ टेकेपर्यंत हात सोडायचा नाही, आणि पाठ टेकल्यावरही बोटं छातीसमोर दोन श्वास तशीच राहू द्यायची. ती सरकणार असेल तर तेवढ्यात सरकते.

पाय अचानक झटका का मारतो?

बाहुलीच्या आतून जाड इलॅस्टिक ओवलेलं असतं. बऱ्याच रचनांमध्ये ते मानेतल्या एस-आकाराच्या हुकापासून धडातून, मांडीतून, पोटरीतून घोट्यातल्या हुकापर्यंत जातं. हातांचं वेगळं, एका मनगटापासून छातीतून दुसऱ्या मनगटापर्यंत. हे सतत ताणात असतं आणि त्याला नेहमी सगळ्यात जवळचा रस्ता हवा असतो. गुडघा वाकवला की इलॅस्टिक सांध्याच्या खाचेत बसतं आणि पाय तिथे राहतो. खाचेच्या किंचित बाजूला राहिलं तर मात्र हात काढताच ते उडी मारून परत येतं, आणि पाय सरळ होतो.

मोठ्या बाहुलीत जड अवयव पेलायला इलॅस्टिक जाड आणि घट्ट असतं, त्यामुळे झटकाही जोरात बसतो. समोर पाण्याचा पेला असेल तर तो गेला म्हणून समजा. बसवताना मांडी आधी किंचित बाहेर ओढायची, म्हणजे गोळा वाटीतून सुटतो. मग वाकवायची आणि इलॅस्टिक खाचेत गेल्याचं बोटांना जाणवलं की सावकाश सोडायची. चांगल्या बसलेल्या सांध्यातून हलकासा ‘टक्’ येतो. तो आला नाही तर पुन्हा करा.

उभी करते तेव्हा कोसळते. काय चुकतंय?

बहुतेक वेळा काही चुकलेलं नसतं. तीन-चार किलोचा भार तळहाताएवढ्याही नसलेल्या दोन पावलांवर उभा करायचा आहे, आणि मध्ये घोटे, गुडघे, मांड्या, कंबर, मान असे सगळे सुटे सांधे. त्यातला एक जरी अंशभर सरकला तरी वरचं सगळं त्याच्यामागून जातं.

खालून वर चढत जा. आधी पावलं, खांद्यांपेक्षा किंचित जास्त अंतरावर, बोटं थोडी बाहेर. घोटा आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला कलला असेल तर वरचं कितीही नीट केलं तरी उपयोग नाही. मग गुडघे: मोठ्या बाहुल्यांत गुडघ्याला बहुधा दोन सांधे असतात, आणि सरळ केल्यावर ते थोडे मागे ढकलून ‘कुलूप’ लागल्यासारखे बसतात. ते बसले की नाही हे पोटरीवर बोट ठेवून बघा. मग मांड्या, मग पोटाचा सांधा, आणि डोकं सगळ्यात शेवटी. डोकं पुढे झुकलेलं असेल तर कंबर तेवढी मागे हवी. बाजूने बघितलं तर कान, खांदा, कंबर आणि घोटा एका उभ्या रेषेच्या जवळपास यायला हवेत.

पसरट तळव्याचे, घट्ट बसणारे बूट फार मदत करतात. उंच टाचांचे पाय मात्र ७० सेंमीच्या बाहुलीला आधाराशिवाय उभं करायला वापरूच नयेत. जमतं, पण किती वेळ, हे कुणी सांगू शकत नाही.

सांधे धरत नाहीत म्हणून इलॅस्टिक आणखी घट्ट करू का?

ते शेवटी. आधी घर्षण वाढवा.

सगळ्यात रुळलेला उपाय म्हणजे सांध्याच्या वाटीत पातळ, मऊ चामड्याचा तुकडा चिकटवणं. याला सगळे ‘स्यूडिंग’ म्हणतात, मग चामड्याऐवजी दुसरं काही वापरलं तरी. वाटीच्या आकाराची चकती कापायची, कडेला तीन-चार चिरा द्यायच्या म्हणजे चुण्या पडत नाहीत, इलॅस्टिकसाठी मधली खाच मोकळी ठेवायची आणि पुढे निघू शकेल अशा गोंदाने चिकटवायचं. चामडं जाड घेतलं तर सांध्यात फट दिसते. अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास पुरतं. दुसरा उपाय ग्लू गनचा: वाटीत गरम गोंदाचा पातळ थर, थंड होण्याआधी ओल्या बोटाने सपाट केलेला. तो हवा तेव्हा सोलून काढता येतो. पण नोझलची गरम टीप रेझिनला लावू नका, आणि बोट भाजणार नाही इतका गोंद निवू द्या.

मोठ्या बाहुलीत पहिला मान मांड्यांच्या सांध्यांचा, मग गुडघ्यांचा, मग खांद्यांचा. हातांची मुद्रा टिकवायची असेल तर काहीजण इलॅस्टिकबरोबर हातातून मऊ तारही घालतात. कोपरासाठी ते छान चालतं. पायांना तारेची गरज सहसा पडत नाही.

घट्ट इलॅस्टिकची अडचण अशी की ते सांध्यांच्या कडांवर सतत दाब देतं, झटके वाढवतं, आणि पुढच्या वेळी तुमच्याच बोटांना ते ओढायचं असतं.

स्टँड कोणता चांगला?

लहान बाहुल्यांना कमरेभोवती पकडणारी तार चालते. तीन किलोच्या पुढे ती चालत नाही. तार फाकते, आणि कपडेही चुरगाळतात. दोन पायांच्या मध्ये आधार देणारा, खोगिरासारखा स्टँड घ्या, ज्याच्या दांड्याची उंची स्क्रूने पक्की करता येते. तळपट्टी जड आणि रुंद हवी. हलकी तळपट्टी असली की बाहुली स्टँडसकट पडते, म्हणजे वर स्टँडचं वजनही तिच्यावर.

उंची अशी ठेवा की पाय जमिनीला टेकलेले राहतील आणि बूड आधाराला जेमतेम स्पर्श करेल. पाय हवेत लोंबकळत ठेवले तर सगळा भार एका जागी येतो. धातू उघडा असेल तर त्यावर पांढऱ्या सुती कापडाची पट्टी गुंडाळा. रंगीत कापड नको, रेझिन रंग शोषून घेतं.

कपडे घालताना फार दमछाक होते.

उभं राहून घालू नका. टेबलावर जाड टॉवेल पसरा, बाहुली त्यावर आडवी, तुम्ही खुर्चीत. किंवा पलंगावर बसून बाहुली मांडीवर. विग आधी काढून बाजूला ठेवा, आणि चेहऱ्यावर स्वच्छ मऊ कापड किंवा मुखवटा बांधा.

क्रम साधारण असा: मोजे, पँट, बूट, मग वरचे कपडे. पँट चढवताना पाय उचलायचा नसतो. बाहुली एका कुशीवर कलंडवायची, वरच्या बाजूची कंबर ओढून घ्यायची, मग दुसरी कूस. अरुंद बाह्यांतून बोटं जात नसतील तर पंजावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी घाला. बाही तिच्यावरून घसरत जाते, आणि नंतर पिशवी मनगटाच्या बाजूने ओढून काढता येते. तरीही अडलं तर पंजा हुकावरून काढून ठेवणं उत्तम. बोटं हा मोठ्या बाहुलीचा सगळ्यात नाजूक भाग आहे आणि ती बहुतेक वेळा बाहीतच मोडतात.

पंजा काढताना मात्र हुक मोकळा सोडू नका. इलॅस्टिक त्याला हाताच्या आत ओढून नेतं, आणि मग तो चिमट्याने बाहेर काढताना अर्धा तास जातो. पंजा ओढून बाहेर काढायचा, हुकात पेन्सिल आडवी घालायची, आणि मग पंजा सोडवायचा.

गडद रंगाचे कपडे धुऊन, रंग जात नाही हे बघूनच घाला. आत पातळ फिकट मोजे किंवा अंतर्वस्त्र असलं की डागांची भीती बरीच कमी होते. समोरून पूर्ण उघडणारे कपडे शिवून घेता आले तर घ्याच.

इलॅस्टिक बदलणं एकट्याने जमतं का?

६० सेंमीपर्यंत जमतं. ७०च्या पुढे दुसरं माणूस असलेलं बरं, निदान पहिल्या वेळी. ताकद एकट्याची पुरते. पण एक हात हुक ओढायला लागतो, एक डोकं धरायला, एक धड स्थिर ठेवायला, आणि तिसरा हात आपल्याकडे नसतो.

पायांसाठी ४ किंवा ५ मिलिमीटर जाडीचं गोल इलॅस्टिक, हातांसाठी ३, हा ढोबळ अंदाज. जुनं इलॅस्टिक काढल्यावर फेकून न देता त्याची लांबी मोजा. ते सैल झालेलं असणार, म्हणून नवं त्याहून थोडं आखूड. गाठ आधी कच्ची मारा, बाहुली जोडून दोन-तीन दिवस बघा, मग पक्की करा. नवं इलॅस्टिक सुरुवातीला थोडं सैलावतंच.

ओढायला मजबूत रिबन किंवा बूटाची नाडी वापरा. हुकातून ती ओवून दोन्ही टोकं एकत्र धरली की बोटं हुकाच्या जवळ जात नाहीत. हे महत्त्वाचं आहे. ताणलेलं जाड इलॅस्टिक सुटलं तर हुक नखावर असा बसतो की पुढचा आठवडाभर आठवण राहते. चष्मा नसेल तर साधा संरक्षक चष्मा घाला. काम जमिनीवर, जाड रजईवर करा. टेबलावरून घरंगळलेला मांडीचा तुकडा लांबवर जातो आणि सगळ्यात कठीण फरशी शोधतो.

इलॅस्टिक सैल झालं हे कसं ओळखायचं?

डोकं एका बाजूला कलतं. पाय उचलला की मांडी आणि कंबर यांच्यामध्ये फट दिसते. बसलेली बाहुली हळूहळू घसरत पुढे येते. यातली दोन लक्षणं एकत्र दिसली की बदलायची वेळ झाली. उष्णतेत इलॅस्टिक लवकर मरतं, म्हणून बाहुली खिडकीच्या उन्हात ठेवू नका. त्याच उन्हातल्या अतिनील किरणांनी रेझिनही पिवळं पडतं, हा वेगळा तोटा.

कपाटात किती जागा लागते?

७० सेंमीची बाहुली, विग आणि बूट धरून ७५ ते ७८ होते. हात आत घालून तिला न घासता बाहेर काढायचं तर कप्पा ८५ सेंमीचा हवा. काचेचे कप्पे असतील तर त्यांची भारक्षमता तपासा. कपडे आणि स्टँडसकट तीन बाहुल्या म्हणजे पंधरा किलोच्या आसपास भार झाला.

मी स्वतः मोठ्या बाहुल्या बसवून ठेवायच्या मताची आहे. बसल्यावर डोक्यापासून बुडापर्यंत ३६-३८ सेंमी लागतात, म्हणजे उंची जवळपास निम्मी होते, आणि पडायची भीतीही तेवढीच कमी. खुर्चीची बैठक १८ ते २० सेंमी उंच असावी म्हणजे पाय टेकतात, पाठ मागे थोडी कललेली असावी. लहान मुलांच्या खुर्च्या पुष्कळदा याहून उंच असतात, तेव्हा आधी मोजा. आणि जड बाहुल्या खालच्या कप्प्यात. वरच्या कप्प्यातून चार किलो डोक्यावरून खाली घेणं हा व्यायाम कुणी सांगितलेला नाही.

घरात मांजर किंवा लहान मूल आहे.

मग बंद दाराचं कपाट. दुसरा इलाज नाही. मुलाने हातात मागितली तर त्याला जमिनीवर बसवून त्याच्या मांडीवर द्या, तुमचा एक हात बाहुलीच्या पाठीशी. लहान मुलाच्या पायावर रेझिनचं डोकं पडलं तर लागतंही बरंच.

बाहेर न्यायची असेल तर कशी?

बाहुलीच्या उंचीपेक्षा किमान १० सेंमी लांब, सगळीकडून गादी असलेली, पूर्ण चेन उघडणारी पिशवी. वरून आत सोडायच्या अरुंद पिशव्या मोठ्या बाहुलीसाठी कुचकामी असतात, कारण आत ढकलताना विग आणि पापण्या मागे फिरतात. विग वेगळा न्या. चेहऱ्यावर मुखवटा, हात शरीराला समांतर, प्रत्येक पंजाभोवती मऊ कापड, दोन पायांच्या मध्ये एक घडी. खांद्यावर आडवा पट्टा घेतला तर चार-पाच किलो एकाच खांद्यावर येतात. अर्धा तास चालायचं असेल तर दोन्ही खांद्यांचे पट्टे हवेत.

बंद गाडीत उन्हात ठेवून जाऊ नका. तापल्यावर रेझिन मऊ पडतं, आणि दाबाखालचा पातळ भाग वाकू शकतो.

विमानात हातातल्या सामानात ७० सेंमीची बाहुली बसेल?

सरळ नाही. बऱ्याच विमान कंपन्यांची हातबॅगेची मर्यादा ५५ × ४० × २० सेंमीच्या आसपास असते. तिरकी घालू म्हणाल तर ५५ आणि ४० चा कर्ण ६८ निघतो, तोही टोकाला रुंदी शून्य असेल तर.

उपाय गुडघ्यांत आहे. दुहेरी सांध्याचा गुडघा पूर्ण मिटतो आणि टाच बुडाला लागते. नडगी आणि पाऊल मिळून २० सेंमीच्या आसपास असतात, म्हणजे लांबी ५० वर येते. पोटरी आणि मांडी यांच्यामध्ये मऊ कापडाची घडी ठेवा, नाहीतर घासून चकाकी येते. मग दोन्ही पाय पट्टीने सैलसर बांधा, कारण इलॅस्टिक ते उघडायला बघणार. गुडघा एकेरी सांध्याचा असेल तर तो काटकोनात अडतो आणि ही युक्ती चालत नाही. मग पाय सुटे करून नेणं हाच मार्ग.

क्ष-किरण तपासणीत आतले हुक आणि चुंबक दिसतात, त्यामुळे बॅग उघडायला सांगतील असं धरूनच जा. बाहुली वरच्या थरात, पटकन दाखवता येईल अशी ठेवा. खेळण्यातल्या तलवारी, बंदुका हातबॅगेत नकोत. बाहुली चेक-इनच्या सामानात मात्र देऊ नये. तिथे बॅगा फेकल्या जातात हे सगळ्यांना माहीत आहे.

पडली तर काय करायचं?

लगेच उचलू नका. आधी आजूबाजूचे तुकडे शोधा, टवका कितीही बारीक असला तरी. मग बाहुली आडवीच ठेवून बोटं, कान, नाक, सांध्यांच्या कडा आणि मानेचा भाग तपासा. केसाएवढी भेग असेल तर इलॅस्टिकचा ताण तिला उघडत नेतो, म्हणून त्या भागाचं इलॅस्टिक सोडवा. स्वच्छ तुटलेलं बोट झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडता येतं. भार येणारा भाग असेल तर आत बारीक धातूची पिन घालून दोन भागांचं इपॉक्सी वापरावं. घासकाम करावं लागलं तर ओल्या सँडपेपरने, आणि मास्क लावून. रेझिनची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नये.

एवढी उंची हवी, पण वजन नको. पर्याय आहे का?

आहे. व्हिनाइलच्या बाहुल्या बघा. वोल्क्सचीच डॉल्फी ड्रीम मालिका ६० सेंमीच्या आसपासची आहे, बाहेरून मऊ व्हिनाइल आणि आत प्लॅस्टिकचा सांगाडा, त्यामुळे तेवढ्याच उंचीच्या रेझिनच्या बाहुलीपेक्षा ती बरीच हलकी. पडली तरी सहसा फुटत नाही. पण व्हिनाइल गडद कपड्यांचे डाग रेझिनपेक्षाही पटकन धरतं, आणि चेहऱ्याची धाटणी बहुतेक ॲनिमेशनच्या वळणाची असते. ती आवडत असेल तर मनगटांचं भलं होईल. नसेल आवडत, तर रेझिनमध्येच सडपातळ बांध्याची ६५ सेंमीची घ्या. भरदार ७०पेक्षा ती किलोभर हलकी भरू शकते.

विकताना पार्सल कसं बांधायचं?

मूळ खोका आणि त्यातल्या उशा असतील तर सोनं. नसतील तर आतला खोका बाहुलीच्या मापाचा आणि बाहेरचा त्याहून सगळ्या बाजूंनी ५ सेंमी मोठा, मधल्या जागेत भरीव गादी. बाहुली आत हलता कामा नये. बंद करून खोका कानाशी हलवा. आतून ठक् आवाज आला तर उघडा आणि पुन्हा भरा. डोळे कागदी पुडीत वेगळे, विग वेगळा, चेहऱ्यावर मुखवटा. वजन खोक्यासकट सहा-सात किलोपर्यंत जातं, तेव्हा टेप तळाशी दोनदा, आडवी आणि उभी.